सबनिसांची रेमोंताडा

ये गं मनू, अशी जवळ ये. तू फ्रँकफर्टात आणि मी झिंडेलफिंगेनात, तेव्हा जवळ म्हणजे एवढंच, की तो मोबाइल उपडा ठेव आणि हे वाचताना दुसरं काही करू नकोस. मावशी लेकाकडे, अमेयकडे, कायमची राहायला आली तेव्हा "दर महिन्याला येईन" म्हणणारी तूच ना? दिवाळीला आलीस, चकलीचा डबा काखेत मारलास आणि संध्याकाळच्या गाडीनं पसार. बरं, राहू दे. रागावले असते तर सबनिसांची गोष्ट सांगायला बसलेच नसते.

सबनीस म्हणजे आमच्या वरचे, तिसऱ्या मजल्यावरचे. तू पाहिलंयस त्यांना. दिवाळीला सगळे पाहुणे गेले, सूनबाईनं सतरंजी गुंडाळली, तरी सोफ्यावर बसून होते ना एक उंच, टकलू, रंगीबेरंगी मफलरवाले? तेच. ह्या माणसाची तऱ्हा अशी, की आधी हरल्याशिवाय ते कुठलाच खेळ खेळत नाहीत.

खोटं वाटेल तुला. टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला की लोक आपापला संघ धरून बसतात. सबनिसांना संघच नाही. ते टीव्हीचा आवाज बंद करून लसूण सोलत बसतात. कुणीतरी दोन गोलांनी मागं पडलं, की लसूण बाजूला, आवाज सुरू, आणि जो मागं पडला तो ह्यांचा संघ. मफलर त्यासाठीच. नलिनीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उरल्यासुरल्या लोकरीचा विणलेला. त्यात लाल आहे, निळा आहे, पिवळा, हिरवा, कुणाचाही रंग सापडतो. हरणाऱ्या संघाचा रंग हुडकायचा, तेवढा भाग गळ्यापुढं ओढायचा आणि खिडकीची काच थरथरेल असं ओरडायचं, "रेमोंताडा!"

नलिनीवहिनी मी इथं यायच्या आधीच गेल्या. मला त्यांची ओळख त्या मफलरापुरतीच.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं, गुडघ्याचं नवीन मलम निघालंय की काय. मग सबनिसांनी समजावलं. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या आधी 'आल्झो', म्हणजे आपलं 'तर', लागतं, कीर्तनकाराला झांज लागावी तसं. सगळी नोकरी इथल्या मोटारीच्या कारखान्यात झाली, त्यामुळे जिभेला चिकटलंय.

"आल्झो, सुमनताई, शब्द स्पेनचा. फुटबॉलमधला. सपशेल हरत आलेला संघ उठतो आणि जिंकतो, ती रेमोंताडा. फ्रेंचांनी उचलला, इटलीवाल्यांनी उचलला, आता आमचा जर्मन समालोचकसुद्धा तेच म्हणतो. पण मला कारखान्यात मनोलोनं दिला होता. शेजारच्या टेबलावर बसायचा, स्पेनचा. ह्या सगळ्यांच्या आधी माझ्याकडे होता!"

जसा काही शब्द नव्हे, आजेसासूची पाटली.

मी म्हटलं, "अहो, मग आपल्यात 'बाजी पलटली' म्हणतात की."

"बाजी आपोआप पलटते, ताई. रेमोंताडात माणूस चढतो. धापा टाकत चढतो."

धापा टाकायचं त्यांचं प्रात्यक्षिक स्टेशनावर बघायला मिळतं. एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडायची तर माणूस पाच मिनिटं आधी निघतो. सबनीस मुद्दाम उशिरा निघतात आणि मग मफलर उडवत पळतात. एकदा अमेय बरोबर होता. दार ह्यांच्या नाकासमोर बंद झालं. अमेय म्हणाला, "काका, ही रेमोंताडा नाही, ह्याला उशीर म्हणतात." सबनीस शांत. म्हणाले, "या, या. पहिला भाग संपला. पुढची गाडी आहे ना?" आपलं 'या' नव्हे गं, जर्मन 'या', म्हणजे 'हो'. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, हे सारखे सगळ्यांना बोलावतात का?

आणि उठायचं नाव नाही. सामना संपल्याची शिट्टी झाल्याशिवाय उठणं म्हणजे पाप. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाली आली, तरी हे पडद्यावरची नावं वाचतायत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आभारप्रदर्शन सुरू झालं की सगळी मंडळी चपला शोधायला जातात. सबनीस एकटे शेवटपर्यंत बसतात आणि आभार मानणाऱ्याचे आभार मानतात.

मंडळाच्या सहलीतला किस्सा तर इथं सगळ्यांना पाठ आहे. शेजारच्या गावातल्या बागकाम क्लबाच्या जर्मन बागवाल्यांशी आपल्या पोरांचा फुटबॉलचा सामना ठरला. आपली पोरं कोण? सगळी सॉफ्टवेअरवाली. अर्ध्यातच नऊ-शून्य. एकानं तर गोलात उभं राहून ऑफिसचा फोन घेतला. सबनीस मैदानाच्या कडेला मफलर फिरवतायत, "रेमोंताडा! अजून दुसरा भाग आहे!" दुसऱ्या भागात आणखी गोल झाले, तेही आपल्यावरच. मग जेवणं झाली. बागवाल्यांचा धिप्पाड कप्तान तिसऱ्या जिलबीला पाणी मागायला लागला आणि आपला तो फोनवाला हसत हसत अख्खं ताट संपवून दुसरं घेऊन आला. सबनीस खुर्चीवर उभे! "बघा! म्हटलं नव्हतं?"

पण त्यांचा खरा खेळ कॅरम. आणि इथंच मी येते.

आमच्या इमारतीच्या तळघरात एक खोली आहे. नावाला छंदाची खोली, पण छंद असा कुणालाच नव्हता, जुन्या खुर्च्या होत्या. सबनिसांनी तिथं पुण्याहून आणलेला कॅरमबोर्ड मांडला. दर शुक्रवारी संध्याकाळी मी, सबनीस, आणि कामातून सुटला तर अमेय. तुला माहितेय, कराडात चार भावांत वाढलेली मी. माझी राणी सहसा हुकत नाही. सबनीस पहिले दोन बोर्ड हटकून घालवतात. अगदी भोकाच्या तोंडाशी बसलेली सोंगटी सोडतील आणि स्ट्रायकर भलतीकडे पाठवतील. मी चांगली पुढे गेले की बाह्या वर सारायच्या, बोर्डावर पावडर शिंपडायची आणि आरोळी ठोकायची. पुढचं ऐकायचंय? त्यानंतरही बहुतेक वेळा हरतातच. हरले की हात झटकून म्हणतात, "हरकत नाही. हा पहिला सामना. परतीचा पुढच्या शुक्रवारी. दोन्हींची बेरीज धरतात, ताई, युरोपात!" ती बेरीज आजवर कुणी केलेली नाही.

एकदा मी लवकर पुढे गेले. वर कुकर लावायचा होता म्हणून उठले. तर हा माणूस दुखावल्यासारखा बघायला लागला. "अहो, मी मागं आहे! मागं पडलेल्याला टाकून कुणी उठतं का?" मी परत बसले. त्या दिवशी घरी सगळ्यांनी ब्रेड खाल्ला.

आता ह्या गोष्टीतली दुसरी बाई. तळमजल्यावरच्या फ्राउ हेगेले. बरोबर त्या तळघरातल्या खोलीच्या डोक्यावर राहतात. ह्या भागात जिना झाडण्यापुसण्याची आठवड्याची पाळी असते, तिला केर-वोखं म्हणतात. नावातच केर असल्यानं मला लगेच पाठ झालं. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. बाकीचे पाटी आली की जिना पुसतात. फ्राउ हेगेले पाटी दुसऱ्याच्या दारावर असली तरी बोट फिरवून बघतात. नवरा नाही, मुलगा म्युनिकला. जिना हाच संसार.

तर एका शुक्रवारी काय झालं, सबनीस चक्क जिंकत आले. मला घाम फुटला. त्यांनी राणी घेतली, वर कव्हर घेतलं, आणि आनंदानं असे उडाले की पावडरचा अख्खा डबा फरशीवर सांडला. त्यातच नाचले. नाचून झाल्यावर आम्ही गप्पा मारत जिना चढलो. मागं वळून बघायची बुद्धी कुणाला झाली नाही.

पाटी त्या आठवड्यात फ्राउ हेगेलेंच्या दारावर होती.

पांढरी पावलं, मनू! तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. महालक्ष्म्यांना आपण काढतो ना ओल्या तांदळाच्या पिठानं, तशी. फक्त ही बारा नंबरची. बाई माग काढत वर गेल्या, घंटी वाजवली आणि बोटावर पावडर धरून विचारलं, "हेर सबनीस, ही कसली पावडर?"

सबनिसांना वाटलं, बाईंना खेळात रस आलाय. छाती फुगवून म्हणाले, "उत्तम प्रतीची आहे! इथं मिळतच नाही. मी पुण्याहून मागवतो. पाहुण्यांच्या बॅगेतून."

मी माझ्या दारातून ऐकत होते. मला तेवढं जर्मन कळलं आणि मी कपाळावर हात मारला. बाईंचा चेहरा त्या पावडरीसारखा झाला. अमेयनं धावत वर जाऊन कॅरम, सोंगट्या, घसरणं, सगळं समजावलं, तेव्हा कुठं त्यांनी पोलिसांचा विषय सोडला. पण विषय सोडला तरी बाईंनी खोली सोडली नाही. म्हणाल्या, टकटक होते, आरडाओरडा होतो, आता जिनाही गेला. घरमालकांच्या वार्षिक बैठकीत त्यांनी मुद्दा मांडला: खोली बंद करा, तिथं सायकली ठेवा.

खोली गेली तर शुक्रवार गेला. आणि शुक्रवार सोडून सबनिसांच्या आठवड्यात दुसरं काय असतं, हे मला खालून ऐकू येतं. काही नसतं. टीव्हीचा आवाज बंद असतो.

बैठकीला मी अमेयबरोबर नुसती बसायला गेले. सबनीस मफलर घालून आले. एकेकाचा चेहरा बघितला तेव्हाच कळलं, सगळ्यांना सायकलींची जागा हवीय. सबनिसांची कळी खुलली. मला मराठीत म्हणाले, "ताई, आपण सपशेल मागं आहोत. उत्तम!" मग उभे राहिले आणि जर्मनमध्ये असं भाषण ठोकलं, की स्पेन काय, मनोलो काय, नऊ-शून्य काय. शेवटी हात वर करून म्हणाले, "सभ्य स्त्रीपुरुषहो, अजून दुसरा भाग बाकी आहे!"

व्यवस्थापनाचा माणूस कागद चाळून म्हणाला, "दुसरा भाग? विषयपत्रिकेत तसा विषय नाही."

हात वर झाले. सबनिसांच्या बाजूनं त्यांचा स्वतःचा एकच. मीही केला होता, पण आम्ही भाडेकरू, मोजला नाही.

पुढचा विषय कचऱ्याच्या डब्यांचा होता. सबनीस तोही ऐकत बसले. लोक उठून गेले, व्यवस्थापनाच्या माणसानं कागद आवरले, तरी बसून. फ्राउ हेगेले विसरलेला चष्मा न्यायला परत आल्या, तर रिकाम्या खुर्च्यांत हे एकटे, मफलर मांडीवर. बाई क्षणभर थांबल्या, चष्मा घेतला आणि गेल्या.

शुक्रवार आला. सबनीस खाली उतरले नाहीत. मी डब्यात थालीपीठं घातली आणि गुडघ्यांना शिव्या देत वर गेले. दार उघडलं त्यांनी. टीव्ही चालू, आवाज बंद, शून्य-शून्य. कॅरमबोर्ड भिंतीला तोंड करून उभा.

मी म्हटलं, "अहो सबनीस, एवढा मोठा हॉल आहे तुमचा. खोली गेली तर गेली. इथं मांडा की बोर्ड!"

"नको."

"का नको? पावडर सांडली तरी तुमच्याच फरशीवर."

"इथं नको, सुमनताई."

"अहो, पण का?"

ह्या वेळी आल्झो आलं नाही. लसणाची पाकळी बोटात फिरवत म्हणाले, "खाली खेळलं ना, की आपण सगळे एकदम उठतो. दिवा मी मालवतो. बोलत बोलत जिना चढतो. तुमच्या मजल्यापर्यंत सोबत असते, मग राहतो एकच मजला. तो मी त्या दिवसाचं खेळणं आठवत चढतो. इथं खेळलं, तर तुम्ही उठून जाणार. आणि तुमच्या मागं दार मला लावायला लागणार. आतून."

मनू, हा माणूस मुद्दाम का हरतो, पहिले दोन बोर्ड का घालवतो, दिवाळीला सोफ्यावरून का उठत नाही, सगळं एका वाक्यात उलगडलं. जो पुढे असतो तो घरी जायला मोकळा. मागं पडलेल्याला टाकून जायला माणसाचा पाय निघत नाही.

मी म्हटलं, "थालीपीठ गार होतंय. खा. आणि बोर्ड उचला. माझ्याकडे खेळू."

तर खेळलो. माझ्या हॉलमध्ये, सतरंजीवर. त्या दिवशी हरायचं काम मी केलं. राणी सोडली, भोकाजवळच्या सोंगट्या सोडल्या. सबनीस ओळखून होते. म्हणाले, "ताई, माझी युक्ती माझ्यावरच?" पण बसले. निघायची वेळ झाली तशी मी म्हटलं, "थांबा, लोणचं राहिलं, मी वरपर्यंत आणून देते." वर गेले. तर ते म्हणतात, "एकट्या कशा उतरणार, गुडघे दुखतात तुमचे," म्हणून मला पोचवायला खाली आले. आता दारातून ह्यांना एकटं परत कसं पाठवू? मी पुन्हा वर. आपल्याकडची पोचवापोचवी तुला माहितेय, दारात उभं राहून जेवणापेक्षा जास्त वेळ. पण इथला जिन्यातला दिवा जर्मन आहे, आपला आपण विझतो. मधल्या पायऱ्यांवर आम्ही दोघं अंधारात, हातात लोणच्याची बरणी, हसतोय.

दिवा लागला. खाली फ्राउ हेगेले. लोकरी सपाता, हातात ओलं फडकं.

"फ्राउ पाटणकर. हेर सबनीस. तुम्ही सारखे वर-खाली काय करताय?"

सबनीस म्हणाले, "आम्ही एकमेकांना घरी पोचवतोय."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं. "आणि पावडर?" म्हणाल्या. मग तावातावानं माझ्या घरात शिरल्या, कुठं कुठं सांडलीय ते बघायला. बोर्ड तसाच होता. हे कसं खेळतात, असं तोंडानं विचारलं नाही, पण स्ट्रायकरला बोट लावलं. एकच टिचकी मारली आणि राणी थेट भोकात. मनू, पहिल्याच टिचकीत! मला इतका राग आला म्हणून सांगू.

सबनीस ओरडायच्या बेतात होते. बाईंनी एक बोट वर केलं. मग स्वतःच, हळू आवाजात, म्हणाल्या, "रेमोंताडले." इथले जुने लोक ज्याच्यावर माया करतात त्याला शेपटीला 'ले' लावतात. गेनाऊ, अगदी तस्सं.

तेव्हापासून शुक्रवारी त्या येतात. स्वतःच्या सपाता आणतात, स्वतःचं फडकं आणतात. खेळ संपला की आम्हां सगळ्यांना माझ्या दारात एका रांगेत उभं करतात आणि प्रत्येकाचे तळवे पुसून घेतात, अमेयचेसुद्धा. मग म्हणतात, "हेर सबनीस, तुमच्यावर माझा भरवसा नाही. मी मागून येते." आणि फडकं घेऊन त्यांच्या मागं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. वर दारात दोघांचं काहीतरी बोलणं चालतं, दिवा विझतो, पुन्हा लागतो. बऱ्याच वेळानं सबनिसांचं दार लागतं आणि सपाता खाली येतात.

त्यांना कुणी काही सांगितलं का, मी विचारलेलं नाही. पण बाईंचं घर तळमजल्यावर आहे, मनू. आणि पावडर तर माझ्याच दारात पुसून झालेली असते.

आता अडचण एवढीच, की आम्ही तिघं होतो. अमेयचा भरवसा नाही, सूनबाईला पावडरीनं शिंका येतात. जोडीनं खेळायचं तर चौथा भिडू हवा. सबनीस रोज विचारतात, "तुमची ती फ्रँकफर्टची भाची कधी येणार? दिवाळीला फार लवकर गेली." तेव्हा ह्या शुक्रवारी ऑफिसातून तशीच गाडीत बस. चकल्या तळून ठेवते. आणि आल्या आल्या हुशारी दाखवू नकोस. पहिले दोन बोर्ड चांगले हरून टाक. म्हणजे तुलाही कुणी लवकर उठू देणार नाही.